एकदा ऐकून का ठरवू नये?

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



मागच्या महिन्यात केंद्रावर एका आईचा फोन आला. म्हणाली, "ताई, माझी पोरगी शहरात कॉलेजला आहे. सुट्टीला घरी आली की कानात ती बोंडं घालून बसते आणि तीच तीच इंग्रजी गाणी दिवसभर ऐकते. मी एकदा कानाला लावून बघितलं. नुसतं ओरडणं! मी म्हटलं, हे काय गाणं आहे? त्यावरून आमचं वाजलं. दोन दिवस पोरगी धड बोलली नाही. तेच तेच ऐकणं हे बरं लक्षण आहे का?"

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. त्या मुलीकडून गाण्यांचं नाव मागवून घेतलं आणि ठरवलं, आधी आपण ऐकू, मग बोलू. केंद्रावरच्या आम्ही सहा जणी बसलो. दोन आठवड्यांत तोच अल्बम पाच वेळा ऐकला. प्रत्येक वेळी ऐकून झालं की एकमेकींशी न बोलता आपापल्या वहीत दहापैकी गुण लिहायचे आणि एक ओळ लिहायची, असा नियम केला. त्या वहीत काय निघालं आणि तसं का होतं, ते आज सांगतो.

कोणता अल्बम?

बँडचं नाव 'न्यूट्रल मिल्क हॉटेल'. नावात दूधही आहे आणि हॉटेलही, पण दोन्हींशी संबंध नाही. हा अमेरिकेतला बँड. त्यांचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' हा अल्बम फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. त्यात अकरा गाणी आहेत आणि सगळी मिळून सुमारे चाळीस मिनिटांची आहेत. गाणी लिहिणारा आणि गाणारा जेफ मँगम.

या प्रकारच्या संगीताला 'इंडी रॉक' म्हणतात. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रम यांच्यावर उभं राहिलेलं जोरकस गाणं. इंडी म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या पैशावर आणि तिच्या हुकमावर न चालता, छोट्या कंपनीने काढलेलं. हे आपल्याला कळायला अवघड नाही. कारखान्यातले पापड आणि बचत गटाचे पापड यांत जो फरक, तोच. गटाच्या पापडाचा आकार थोडा वेडावाकडा असतो, पण तो कोणाच्या हातचा आहे ते कळतं.

हा अल्बम काढणारी कंपनी 'मर्ज रेकॉर्ड्स'. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९८९ साली लॉरा बॅलन्स ही तरुणी आणि मॅक मॅकॉन हा तिचा सहकारी, अशा दोघांनी ती सुरू केली. दोघं एकाच बँडमध्ये वाजवत होते. आपली आणि मित्रांची गाणी कोण काढणार, म्हणून छोट्या तबकड्या आणि कॅसेट स्वतःच काढू लागले. पुढे २०११ मध्ये याच कंपनीने काढलेल्या एका अल्बमला अमेरिकेतला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एका बाईने जोडीदाराबरोबर घरगुती सुरू केलेला धंदा कुठवर गेला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आमच्या वहीत काय निघालं?

पहिल्या दिवशी कोणीच चारच्या वर गुण दिले नाहीत. एकीने लिहिलं, "गातो की भांडतो?" आवाज चढतो, फाटतो, तरी तो माणूस थांबत नाही. सहावं गाणं तर इतकं खरखरीत वाजतं की आम्हाला आमचाच स्पीकर बिघडला असं वाटलं. वायर काढून पुन्हा लावली. तरी तसंच! आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी तिसऱ्या गाण्यापाशी मात्र मान वर केली. त्यांनी लिहिलं, "मागे कोणीतरी बाई रडते आहे."

दुसऱ्या वेळी आम्ही त्या रडणाऱ्या बाईची वाट बघत बसलो. मग शोधून काढलं. ती बाई नाही, ती करवत आहे. होय, सुताराची असते तशी करवत! मूठ गुडघ्यांमध्ये धरून पातं वाकवतात आणि धारेच्या उलट बाजूवर व्हायोलिनचा गज फिरवतात. पातं जसं वाकवावं तसा सूर चढतो-उतरतो. या अल्बममध्ये ती ज्युलियन कॉस्टर या वादकाने वाजवली आहे. लाकूड कापायच्या वस्तूतून असा हुंदका निघतो, हे कळल्यावर त्या दिवशी दोघींचे गुण वाढले.

तिसऱ्या वेळी आम्ही शेंगा निवडता निवडता ऐकत होतो. मध्येच एक जण गुणगुणायला लागली. शब्द येत नव्हते, नुसती चाल. विचारलं तर म्हणाली, "मी? छे!" चाल तिच्या आत कधी शिरली, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. चौथ्या गाण्याची चाल शेवटच्या, म्हणजे अकराव्या गाण्यात परत येते. पहिल्यांदा ऐकताना हे लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण तोवर चौथं गाणं डोक्यातून निघून गेलेलं होतं. आणि अगदी शेवटी गाणं संपल्यावर गिटार खाली ठेवल्याचा आवाज येतो, मग माणूस उठून चालत जातो. पहिल्या दोन वेळी तिथपर्यंत आम्ही उठून चहा ठेवायला गेलेलो होतो.

चौथ्या वेळेआधी आम्ही त्या मुलीला फोन केला आणि शब्दांचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "सगळा अर्थ मलाही लागत नाही. पण यात अ‍ॅन फ्रँक आहे." अ‍ॅन फ्रँक म्हणजे १९२९ मध्ये जर्मनीत जन्मलेली ज्यू मुलगी. हिटलरच्या माणसांपासून वाचण्यासाठी तिचं कुटुंब हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात, जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४, अशी दोन वर्षं लपून राहिलं. तिथे ती रोजनिशी लिहायची. शेवटी सगळे पकडले गेले आणि १९४५ च्या सुरुवातीला छळछावणीत ती वारली. वय पंधरा. वडील तेवढे जगले आणि त्यांनी १९४७ मध्ये ती रोजनिशी छापली. जेफ मँगमने ती वाचली आणि तो मुळापासून हलला. कालयंत्रात बसून मागे जावं आणि त्या मुलीला वाचवावं, अशी स्वप्नं आपल्याला पडायची, असं त्याने मुलाखतीत सांगितलेलं आहे. ज्या सहाव्या गाण्यापाशी आम्ही स्पीकरची वायर काढली होती, त्या गाण्याचं नाव आहे 'हॉलंड, १९४५'.

चौथ्यांदा ऐकताना कोणी काही बोललं नाही. पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या पोरीला हाक मारायची, तर ती हळू आवाजात कशी मारणार?

पाचव्या वेळेनंतर वह्या उघडल्या. चौघींचे गुण सात-आठवर गेले होते. एकीचे पाचवर थांबले. आणि काकूंनी तीनच दिले होते. त्यांनी लिहिलं होतं, "मला अजून हे ओरडणंच वाटतं. करवत तेवढी चांगली. पण आता तो कशासाठी ओरडतो ते कळतं." हेही मत आम्ही पूर्ण गुणांचं मानलं. पाच वेळा ऐकून दिलेले तीन गुण आणि एकदा कानाला लावून दिलेले तीन गुण, हे सारखे नव्हेत.

असं का होतं?

आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. ओळखीच्या पद्धतीचं गाणं असेल तर पुढे काय येणार हे त्याला साधारण कळतं आणि तो निवांत असतो. अनोळखी गाण्यात प्रत्येक अंदाज चुकतो. त्या चुकण्याचा शीण येतो आणि आपण म्हणतो, गाणं वाईट आहे. खरं तर तेव्हा गाणं आपल्या ओळखीचं नसतं, एवढंच.

रॉबर्ट झायोन्स हे मूळचे पोलंडचे, अमेरिकेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. चिनी लिपी न येणाऱ्या लोकांना त्यांनी चिनी अक्षरांसारखी चिन्हं दाखवली. काही एकदा, काही दोनदा, काही पंचवीस वेळा. मग विचारलं, याचा अर्थ चांगला असेल की वाईट? जे चिन्ह जास्त वेळा दिसलं होतं, त्याचा अर्थ चांगला असणार असं लोकांनी सांगितलं. चिन्हांना अर्थ कोणीच सांगितलेला नव्हता. नुसत्या ओळखीने आपलेपणा आला होता.

ताटातही हेच होतं. लिअ‍ॅन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात दोन वर्षांच्या मुलांवर काम केलं. नवा पदार्थ मुलांनी जितक्या जास्त वेळा चाखला, तितका तो त्यांना आवडू लागला. म्हणून अंगणवाडीच्या वयाच्या मुलाने मेथी एकदा थुंकली, तर 'याला मेथी आवडत नाही' असा शिक्का मारू नका. बळजबरी न करता आठ-दहा वेळा, थोडी थोडी पुढे ठेवा.

दुसरं कारण लक्षाचं. पहिल्यांदा आपण गायकाच्या आवाजापाशीच अडकतो. तो ओळखीचा झाला की लक्ष मोकळं होतं आणि मागच्या करवतीकडे, चालीकडे, शेवटच्या पावलांकडे जातं. गाणं तेच असतं, पण आपल्याला त्यातलं जास्त ऐकू येतं.

तिसरं कारण वाट बघण्याचं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये एक अभ्यास झाला. आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं. सुखाशी आणि ओढीशी त्याचा संबंध आहे. गंमत अशी की आवडती जागा आली की ते सुटतंच, पण ती जागा येणार, येणार, असं वाटत असतानाही मेंदूच्या वेगळ्या भागात सुटतं. वाट बघायची तर काय येणार ते माहीत हवं, आणि माहीत व्हायचं तर आधी ऐकलेलं हवं. त्या मुलीला तीच गाणी का लागतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. हे वेडाचं लक्षण नाही.

पण एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. आमचे गुण नुसत्या ऐकण्याने वाढले की अ‍ॅन फ्रँकची गोष्ट कळल्याने? दोन्हींनी. करवत आम्हाला गोष्ट कळायच्या आधीच आवडली होती. ओरडणं मात्र गोष्ट कळल्यावरच सहन झालं. पण पुन्हा ऐकायचं ठरवलं नसतं, तर मुलीला फोन करून अर्थ विचारायची वेळच आली नसती.

खूप लोकांचं मतही असंच बदलतं

हा अल्बम आला तेव्हा तो अमेरिकेतही फार गाजला नव्हता. काहींनी वाखाणला, काहींनी हात राखून लिहिलं. पिचफोर्क या संगीतविषयक प्रकाशनाने १९९८ मध्ये त्याला दहापैकी ८.७ गुण दिले. तो २००५ मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा तिथेच पूर्ण दहा गुण मिळाले. दोन्ही वेळा लिहिणारा माणूस एकच नव्हता, हे खरं. पण मधल्या सात वर्षांत ऐकणाऱ्यांनी तो एकमेकांच्या हातात दिला होता. शिवाय १९९८ च्या दौऱ्यानंतर बँड गप्प झाला. नवा अल्बम आलाच नाही. बँड पुन्हा एकत्र आला तो थेट २०१३ मध्ये. नवं काही येत नव्हतं, म्हणून लोक होतं तेच परत परत ऐकत राहिले.

पण सगळंच ऐकून ऐकून गोड होतं का?

नाही. दोन मर्यादा आहेत.

पहिली कंटाळ्याची. डॅनिएल बर्लिन या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की आवड टेकडीसारखी असते. ओळख वाढते तशी ती चढते, माथ्यावर पोचते आणि मग उतरते. अगदी सोपं गाणं लवकर चढतं आणि लवकर उतरतं. गुंतागुंतीचं गाणं हळू चढतं, पण जास्त टिकतं. लग्नसराईत एखादं गाणं पंधरा दिवस डोक्यावर घेतात आणि पुढच्या महिन्यात कोणी नावही काढत नाही, हे आपण बघतोच.

दुसरी मर्यादा दर्जाची. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातला २०१३ चा एक अभ्यास आहे. तिथल्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना दोन चित्रकारांची चित्रं वारंवार दाखवली. एक जॉन एव्हरेट मिले, जुना नावाजलेला चित्रकार. दुसरा थॉमस किंकेड, ज्याची गोडगोड चित्रं अमेरिकेत घरोघर खपली, पण जाणकारांनी वाखाणली नाहीत. किंकेडची चित्रं जितकी जास्त वेळा दिसली, तितकी ती कमी आवडली. म्हणजे पुन्हा पुन्हा पाहणं हे चाळणीचंही काम करतं. सत्त्व असेल तर ते हाताला लागतं, नसेल तर तेही दिसतं.

इथे सावध राहायचं

मैत्रिणींनो, आता जरा कान देऊन ऐका, कारण ही गोष्ट फक्त गाण्यांची नाही.

नुसत्या ओळखीने आपलेपणा येतो, हे व्यापाऱ्यांनाही माहीत आहे. आपण रेडिओवाल्या, म्हणून आपल्याच घरातलं उदाहरण देतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत तबकड्यांच्या कंपन्या रेडिओवर गाणी लावणाऱ्यांना चोरून पैसे देत. का? गाणं सारखं कानावर पडलं की लोकांना ते आवडू लागतं आणि खपतं. पुढे तिथल्या संसदेत चौकशी झाली आणि १९६० मध्ये असे चोरून पैसे घेणं कायद्याने गुन्हा ठरलं.

याहून गंभीर गोष्ट १९७७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दाखवली. लोकांना काही विधानं ऐकवली. खरीही होती आणि खोटीही. त्यातली काही काही दिवसांच्या अंतराने पुन्हा ऐकवली. जे विधान पुन्हा ऐकलं, ते लोकांना जास्त खरं वाटू लागलं, मग ते खोटं का असेना.

आता आठवून बघा, आपल्या कानावर लहानपणापासून काय काय परत परत पडलं. मुलगी परक्याचं धन. काळी आहे, कोण करणार? बाईला व्यवहारातलं काय कळतं? हे कोणी एकदाच म्हणालं असतं, तर आपण पदर झटकून उठलो असतो. पण ते हजारदा ऐकलं, म्हणून खरं वाटलं. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवाही अशाच पसरतात. तीच गोष्ट चार गटांतून चारदा आली की वाटतं, एवढे जण म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच.

मग गाणं पुन्हा ऐका म्हणायचं आणि बाकीच्या गोष्टींपासून सावध राहा म्हणायचं, हे उलटसुलट नाही का? नाही. फरक असा आहे. त्या अल्बमच्या वेळी आपण स्वतः ठरवून ऐकलं, लक्ष देऊन ऐकलं, अर्थ विचारला, आणि नापसंतीलाही जागा ठेवली. अफवेच्या आणि जाहिरातीच्या वेळी यातलं एकही होत नाही. आपलं लक्ष नसताना ते कानात शिरतं आणि आतून आपलंच मत असल्यासारखं बोलू लागतं. म्हणून एखादी गोष्ट अगदी खरी वाटली, तर स्वतःला विचारायचं: ही मला पटली आहे, की फक्त सवयीची झाली आहे?

गटात करून बघा

पहिला प्रयोग सोपा आहे. मोबाईलवर कोणाचंही साधं बोलणं, पाच-सहा शब्दांचं एकच वाक्य, ध्वनिमुद्रित करा. ते थांबवू न देता दहा-बारा वेळा वाजवा. पुष्कळ जणींना थोड्या वेळाने ते बोलणं गाण्यासारखं ऐकू येईल. अमेरिकेतल्या डायना डॉइच या संशोधक बाईंना हे १९९५ मध्ये अचानक सापडलं. त्या स्वतःच्याच ध्वनिमुद्रित बोलण्यावर काम करत होत्या आणि एक तुकडा सारखा वाजत राहिला. थोड्या वेळाने त्यांना वाटलं, हे कोण गातं आहे? सगळीच वाक्यं अशी गाऊ लागत नाहीत. एक नाही जमलं तर दुसरं घ्या.

दुसरा प्रयोग पाच बैठकांचा आहे. कोणालाच माहीत नसलेलं एक गाणं निवडा, कोणत्याही भाषेतलं चालेल. प्रत्येक बैठकीच्या शेवटी एकदा ऐका. बोलण्याआधी गुण लिहा, कारण एकदा बोलणं सुरू झालं की अध्यक्षबाईंचं मत सगळ्यांचं होतं. पाचव्या बैठकीत वह्या उघडा आणि तीन प्रश्न विचारा. काय बदललं? काय बदललं नाही? आणि पहिल्या दिवशी जे ऐकूच आलं नव्हतं, असं काय आता ऐकू आलं?

मत बदललं म्हणून कोणी कोणाला हसायचं नाही. बाई मत बदलते तेव्हा तिला चंचल म्हणतात. पण पुन्हा ऐकून, विचार करून बदललेलं मत हे पहिल्या मतापेक्षा जास्त मेहनतीचं असतं. आणि पाच वेळा ऐकूनही न बदललेलं मत तर आणखी पक्कं.

त्या आईला आम्ही परत फोन केला. अल्बम चांगला आहे की वाईट, ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "पोरगी पुन्हा आली की तिच्या शेजारी बसा आणि तिसरं गाणं ऐका. मागे एक करवत वाजते, ती ओळखून दाखवा." थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "करवत? सुताराची?"

आम्ही हो म्हटलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या गटातले गुण मात्र आम्हाला नक्की कळवा.